थ्री-एफ लायकासाठी खिशात मावणारी जुनी लेन्स: एल्मार, इंडस्टार की आणखी काही?

खरीकॉर्नर
नमस्कार मंडळी. मामांचा लक्ष्मीपुरीतला फोटो स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून त्यांचा लायका थ्री-एफ हा जुना फिल्मचा कॅमेरा निघाला. बॉडी चांगली आहे. पडदा सुरळीत पडतोय, रेंजफाइंडरमधल्या, म्हणजे फोकस जुळवायच्या खिडकीतल्या, दोन प्रतिमा नीट जुळतायत. पण सोबतची सुमिटार लेन्स चामड्याच्या केसमध्येच राहिली होती आणि बुरशीनं तिची पार वाट लावली आहे. टॉर्च मारला तर आत कोळ्याचं जाळं दिसतं.

आता मला एखादी छोटी जुनी प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली, घ्यायची आहे. महाद्वार रोड, गुजरी, कपिलतीर्थ मार्केट, सकाळचा रंकाळा एवढंच माझं हिंडणं. कॅमेरा जर्किनच्या खिशात जावा आणि काढला तर कुणी वळून बघू नये, एवढीच अपेक्षा. वाचून वाचून यादी इथवर आली आहे: एल्मार ५० एफ ३.५, रशियन इंडस्टार-२२, नाहीतर ज्युपिटर-१२, म्हणजे ३५ एमएम. बजेट मध्यम. कुणी वापरलीय का? आपल्याकडच्या दमट हवेत यातली कुठली टिकते?

तांबडा_रस्सा
भावा, मोबाईल घे. खिशात मावतोय, बुरशी धरत नाही, आणि फोनपण करता येतो.

खरीकॉर्नर
@तांबडा_रस्सा हा सल्ला घरातून रोज मिळतोय. 😀

बिलोरी
एल्मार. डोळे झाकून.

जरा सविस्तर सांगतो. या लेन्सची रचना माक्स बेरेक यांची. मूळचे ते लायका बनवणाऱ्या लाइट्स कंपनीत सूक्ष्मदर्शकाचं काम बघणारे. १९२५ मध्ये लायका बाजारात आला, त्यानंतर लवकरच एल्मार आली आणि पुढं तीसेक वर्षं ती निघत राहिली. चार काचा, तीन गट, मागची जोडी चिकटवलेली. नळी ओढून बाहेर काढायची, फिरवून लॉक करायची. काम झालं की परत आत ढकलायची. आत गेली की बॉडीच्या पुढं जेमतेम बोटभर राहते. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. थ्री-एफवर लावून जर्किनमध्ये टाकली तर खिसा फुगलेलासुद्धा दिसत नाही.

त्रास एकच. अ‍ॅपर्चरसाठी, म्हणजे प्रकाशाचं भोक लहानमोठं करायला, रिंग नाही, पुढच्या काचेच्या कडेला इवलासा खटका असतो. तो नखानं सरकवावा लागतो आणि आकडे वाचायला कॅमेरा आपल्याकडं तोंड करून धरावा लागतो. आकडेही जुन्या पद्धतीचे निघाले तर ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ असे असतील. दचकू नका, तिथंही प्रत्येक पायरीला प्रकाश साधारण निम्मा होतो.

गंगावेस_तालीम
एफ ३.५ घेऊन तालमीत फोटो काढून दाखवा, मग बोलू. पहाटे साडेपाचला हौद्यात पोरं लढत असतात. एक पिवळा दिवा, तांबडी माती, घाम. तिथं ४०० ची फिल्म टाकली तरी ३.५ ला सेकंदाचा विसावा भाग मिळतो. पैलवान विसाव्या भागात थांबतोय होय? धोबीपछाड मारून मोकळा होतो.

एफ २ ला ३.५ च्या तिप्पट प्रकाश येतो. त्यामुळं माझं मत ज्युपिटर-८ ला, ५० एफ २. जर्मनीच्या झाइस सोनारची रशियन बहीण. थोडी लांब आहे पण ओझं म्हणावं अशी नाही.

अनुजा_के
@गंगावेस_तालीम पण धागाकर्त्यांनी तालीम म्हटलेलीच नाही, महाद्वार रोड म्हटलंय. दुपारी अकराला तिथं एफ ८ च्या खाली यायची वेळ येत नाही. ४०० ची फिल्म आणि कडक ऊन असेल तर एफ १६ आणि १/५००. सावलीतल्या बोळात शिरलात तर एफ ५.६ आणि १/१२५. ३.५ ला लेन्स उघडलीच तर दिवेलागणीला उघडेल.

माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्या गल्ल्यांत ५० एमएम अडचणीची होते. तीन मीटरवरून ५० मध्ये जेमतेम दोन-सव्वादोन मीटर रुंदी मावते. ३५ मध्ये तीन मीटरला तीन मीटर, हिशोबसुद्धा सोपा. गुजरीत मागं सरकायला जागा असते का? मागं सरकलं की कुणाच्या तरी दुकानाची पायरी नाहीतर म्हशीचं शिंग.

तांबडा_रस्सा
गुजरीत म्हैस?

अनुजा_के
@तांबडा_रस्सा सकाळी या. धारोष्ण दूध प्यायला लोक जमतात त्या कट्ट्यावरून म्हशी घरी कुठल्या रस्त्यानं जातात ते बघा.

लेथवाला
थ्री-एफला ३५ लावायची म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट सांगितलीच नाही. या कॅमेऱ्याला मागं दोन बारक्या खिडक्या असतात. एकीतून फोकस जुळवायचा, ती दीडपट मोठं दाखवते. दुसरीतून चौकट बघायची. ती चौकट फक्त ५० एमएमची. ३५ लावली तर कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत वेगळा फाइंडर खोचावा लागतो. जुना चांगला फाइंडर कधी कधी रशियन लेन्सपेक्षा महाग पडतो, आणि तो वर उभा राहिला की खिशात अडकतो. म्हणजे लेन्स बारकी घेतली आणि कॅमेरा झाला मोठा.

खरीकॉर्नर
@लेथवाला हे लक्षातच आलं नव्हतं! म्हणजे ३५ बाद?

अनुजा_के
बाद का म्हणून? अंदाजानं मारायचं. मी कॅमेरा डोळ्याला लावतच नाही. ३५ एमएम, एफ ८, फोकस तीन मीटरवर ठेवून द्यायचा. मग १.९ पासून ७.३ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. चहाच्या गाडीपासून समोरच्या पाटीपर्यंत. हेच ५० ला केलं तर २.३ ते ४.२ एवढाच पट्टा हाताशी राहतो. गर्दीत कोण टेप घेऊन अंतर मोजत बसणार?

बिलोरी
@अनुजा_के गणित बरोबर आहे, पण अंदाजानं मारलेल्या चौकटी अंदाजानं मारल्यासारख्याच दिसतात. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनी आयुष्य ५० एमएमवर काढलं. १९४७-४८ ला आपल्या देशात आले तेव्हाही त्यांच्या हातात लायकाच होता.

अनुजा_के
त्यांना गुजरीत उभं करा, मग बघू.

गंगावेस_तालीम
😂😂 हाणला!

जुनाट
एल्मार-एल्मार करताय, पण बाजारात फिरणाऱ्या एल्मारमध्ये नकली किती आहेत याचं कुणी बोलेना. फेड आणि झोर्की हे सोव्हिएत कॅमेरे मुळात लायकाची नक्कल. त्यांच्यावर लायका कोरून, सोनेरी मुलामा देऊन, काहींवर युद्धाची चिन्हं ठोकून विकायचा धंदा जुना आहे. लेन्सच्या पुढच्या कड्यावर एल्मार कोरायला काय जातंय?

ओळखायची एक खूण सांगतो. लेन्स बाहेर ओढा, अ‍ॅपर्चर बारीक करा आणि पुढून आत बघा. खऱ्या एल्मारमध्ये अ‍ॅपर्चरची पाती पहिल्याच काचेच्या लगेच मागं असतात. टेसार या दुसऱ्या जर्मन लेन्सच्या रचनेत पाती दुसऱ्या काचेच्या मागं, आणि इंडस्टार टेसारच्या घरातली. पाती खोल दिसली की नावावर विश्वास ठेवू नका. दुसरं म्हणजे विकणारा माणूस मागच्या बाजूचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथंच सोडा.

खरीकॉर्नर
@जुनाट फार उपयोगाचं. एक विचारतो. इंडस्टार इंडस्टार म्हणूनच घेतली तर वाईट काय? एका एल्मारच्या पैशात दोन-तीन येतात.

जुनाट
काहीच वाईट नाही. चांगली लेन्स आहे. एफ ५.६ ला दोन्हींचे प्रिंट शेजारी ठेवले तर भलेभले गप्प बसतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंडस्टार-२२ ला काचेवर लेपन आहे. युद्धाआधीच्या एल्मारला नाही, त्यामुळं समोरून ऊन आलं की चित्र फिकट पडतं. अर्थात युद्धानंतरच्या एल्मारलाही लेपन आलं.

पण घेताना दोन खड्डे चुकवा.

पहिला: युद्धाआधीच्या फेडच्या लेन्स. त्या काळात तिथं लेन्स त्या-त्या बॉडीला जुळवून बसवायचे, त्यामुळं दुसऱ्या बॉडीवर फोकस कुठं पडेल सांगता येत नाही.

दुसरा खड्डा जास्त खोल. इंडस्टार-५० नावाची लेन्स दोन प्रकारांत येते. एक रेंजफाइंडरची, दुसरी झेनिट या एसएलआरची, म्हणजे आतल्या आरशातून बघायच्या कॅमेऱ्याची. दोन्हींना ३९ एमएमचे आटे! झेनिटवाली एवढी चपटी असते की फोटो बघून माणूस पाघळतो, हीच हवी म्हणतो. ती लायकावर फिरवली तर बसतेसुद्धा. पण एसएलआरमध्ये आरशाला जागा लागते म्हणून ती फिल्मपासून ४५.२ एमएम लांब बसायला बनवलेली आहे आणि लायकाचं अंतर २८.८. फोकस कधीच लागणार नाही. आणि मागं रेंजफाइंडरचा दांडा ढकलणारी कडा नसते, तीच ओळख.

तांबडा_रस्सा
म्हणजे लग्न जमलं, पण संसार नाही.

लेथवाला
@जुनाट आट्यांवरून माझा विषय आला. उद्यमनगरात आमचा लेथ आहे, माझ्याकडं हे काम येतं म्हणून सांगतो. लायकाचे आटे ३९ एमएम व्यासाचे, पण पिच इंची: एका इंचात २६. व्हिटवर्थ घाटाचे, ५५ अंशाचं टूल लागतं. मिलिमीटरमध्ये पिच येतो ०.९७७. काही जुन्या रशियन लेन्सना सरळ १ एमएमचा पिच असतो. फरक नजरेला दिसत नाही. दोन-तीन आटे मख्खनसारखे जातात, मग घट्ट लागतं. तिथं थांबायचं. पाना लावून जोर केला की पितळेची कडा गेली. लेन्स जाईल ते जाईल, बॉडीचं तोंडही जाईल.

ओळखायला आटे मोजायचं गेज असतं. दुकानदाराला म्हणा गेज लावून दाखव. त्याच्याकडं नसेल तर आमच्या गल्लीत कुठल्याही शॉपमध्ये मिळेल, चहा पाजा म्हणजे झालं.

मिरजकर
@लेथवाला मग तुम्ही अडॅप्टरही करून देत असाल? माझ्याकडं लायकाच्या एम माउंटची, म्हणजे आट्यांऐवजी खटक्यानं लेन्स बसणारी, बॉडी आहे. स्क्रूच्या लेन्स त्यावर लावायला रिंग लागते.

लेथवाला
करतो, पण कुणी सांगितलं म्हणून लगेच करत नाही. स्क्रू माउंटचं अंतर २८.८, एम माउंटचं २७.८. म्हणजे रिंगची जाडी बरोबर १ एमएम हवी. बरोबर म्हणजे बरोबर. दोन शतांश इकडं-तिकडं झालं की उघड्या अ‍ॅपर्चरला ते फोटोत दिसतं. लेथवर काढून नंतर सरफेस ग्राइंडरवर घ्यावी लागते आणि चारी बाजूंना मायक्रोमीटर लावून बघावं लागतं. ऑनलाइन स्वस्तात मिळतात त्यातली एक मोजली होती, एका बाजूला ०.९४ आणि दुसऱ्या बाजूला ०.९९. रिंग कसली, पाचर होती ती.

बिलोरी
या गावात हे काम नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये इथंच सिनेमाचा कॅमेरा घडवला. धागाकर्ते ज्या खरी कॉर्नरच्या नावानं लिहितात तिथला कॅमेरा स्तंभ त्याचीच आठवण. परदेशी वस्तू बघायची, खोलायची आणि आपली करायची ही कोल्हापूरची जुनी खोड.

तांबडा_रस्सा
नाद खुळा! धागा लेन्सवरून इतिहासात गेला. आता कुणीतरी मिसळीवर या.

डार्करूम_डॉक्टर
मिसळ नंतर. मूळ प्रश्नातला अर्धा भाग कुणी हाताळलाच नाही: दमट हवा.

खरीकॉर्नर, तुमच्या मामांची सुमिटार मेली ती चामड्याच्या केसमुळं. चामडं ओल धरतं आणि बुरशीला खायलाही घालतं. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले कपडेसुद्धा कुबट होतात, तिथं बंद केसमधल्या काचेचं काय होणार? केस शोकेसमध्ये ठेवा, लेन्स त्यात ठेवू नका.

एल्मार असो, इंडस्टार असो, नाव बाजूला ठेवून काच बघायला शिका. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावायचा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं आणि पुढून तिरकं बघायचं. तीन-चार प्रकारचे दोष दिसतात. बुरशी मुळांसारखी फाटे फुटत गेलेली असते. ती फक्त काचेवर बसली असेल तर जाणकार माणूस साफ करतो. तिनं लेपन किंवा काच खाल्ली असेल तर साफ केल्यावरही खूण राहते. धुकं म्हणजे आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसलेली, टॉर्चमध्ये सगळी काच दुधाळ दिसते. जुन्या कॅनन ५० एफ १.८ मध्ये अ‍ॅपर्चरच्या मागच्या काचेवर हे फार आढळतं आणि कधी कधी काच कायमची खराब करून जातं. मागची चिकटवलेली जोडी सुटायला लागली तर कडेला इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसतो. ती लेन्स घेऊच नका. आणि पुढच्या काचेवर बारीक रेघांचं जाळं असेल तर ती शर्टाच्या टोकानं पुसणाऱ्या आधीच्या मालकाची कृपा. जुनं लेपन मऊ असतं.

यातलं सगळ्यात फसवं धुकं. साध्या उजेडात लेन्स स्वच्छ दिसते, टॉर्चशिवाय कळतच नाही. आणि विकणारे फोटोत टॉर्च कधी लावत नाहीत.

वैदेही_टी
@डार्करूम_डॉक्टर ठेवायची कशी तेही सांगा ना. आमच्याकडं सासूबाईंनी कॅमेऱ्याच्या डब्यात डांबरगोळ्या टाकल्यात. 😐

डार्करूम_डॉक्टर
आधी त्या काढा! त्यांची वाफ काचेवर बसते. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलची पिशवी आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. अगदी कोरडंही नको, वंगण सुकतं. निळं सिलिका जेल ओल पिऊन गुलाबी झालं की जुन्या तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत परतायचं. तो तवा परत भाकरीला घ्यायचा नाही. आणि महिन्यातून एकदोनदा लेन्स बाहेर काढून वापरा. वापरातली लेन्स सहसा बुरशी धरत नाही.

तांबडा_रस्सा
परतलेलं सिलिका जेल. रेसिपी सेव्ह केली.

मिरजकर
रेंजफाइंडर नवीन असणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं. एसएलआरमध्ये आरसा मध्ये असतो म्हणून पडदा झाकलेला असतो. लायकात लेन्सच्या थेट मागं कापडी पडदा. लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांब, ठेवून कॅमेरा उन्हाकडं तोंड करून गळ्यात लटकवला तर भिंगातून ऊन गोळा होऊन पडद्याला भोक पडतं, आणि मग प्रत्येक फोटोत पांढरा ठिपका. परवापासून अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव आहे, मावळतीची किरणं गाभाऱ्यात जातात तो. ९, १०, ११ नोव्हेंबरला संध्याकाळी महाद्वारात सूर्याकडं कॅमेरे रोखून शंभर माणसं उभी असतात. तुमच्याकडं थ्री-एफ असेल तर लेन्सवर टोपी ठेवा. टोपी नसेल तर निदान अ‍ॅपर्चर बारीक करा आणि हात आडवा धरा.

गंगावेस_तालीम
आणि टोपी काढायची आठवण कोण करणार? फाइंडर वेगळा, लेन्स वेगळी. टोपी लावून अख्खा रोल काढला तरी फाइंडरमध्ये सगळं छान दिसतंय.

वैदेही_टी
एल्मारची नळी बाहेर काढायची विसरली तरी तेच. सगळं छान दिसतंय आणि सगळं धूसर येतंय.

बिलोरी
म्हणून सवय लावायची: कॅमेरा बाहेर काढला की टोपी, नळी, फोकस. पुजाऱ्याच्या आचमनासारखं. न चुकता.

मिरजकर
मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून या लेन्स वापरणाऱ्यांसाठी अजून एक. नळी आत ढकलू नका. सेन्सरच्या पुढच्या काचेला किंवा शटरला घासायची शक्यता असते. आणि क्रॉप सेन्सर, म्हणजे फिल्मपेक्षा लहान, असेल तर ५० ची ७५ होते, मग गल्लीत आणखी पंचाईत.

खरीकॉर्नर
मंडळी, तुमचं सगळं वाचून काल एका दुकानात जाऊन आलो. दोन लेन्स ठेवल्या होत्या. एक एल्मार ५० एफ ३.५, युद्धानंतरची, लेपनवाली. पाती पहिल्या काचेच्या मागंच, म्हणजे अस्सल. अनंताला खटक्यानं लॉक होते. दिसायला देखणी. पण टॉर्च लावला आणि दुधाळ. पूर्ण नाही, मध्यावर थोडंसं. पुढच्या काचेवर रेघाही आहेत. दुसरी इंडस्टार-२२, बाहेरून पार कळाहीन, क्रोम उडालेलं, फोकस जड. पण काच आरपार स्वच्छ. किमतीत साडेतीनपटीचा फरक.

काय करावं?

बिलोरी
एल्मार घ्या. धुकं साफ होतं. रेघांनी फारसं बिघडत नाही, एक छोटं हूड लावा. आयुष्यभर वापराल.

डार्करूम_डॉक्टर
@बिलोरी साफ होतं असं दुकानदार म्हणतो. नुसतं वंगण असेल तर होतं, काच खाल्ली असेल तर होत नाही. आणि उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. साफ करून द्या, मग पैसे देतो, असं म्हणून बघा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. माझ्या मते इंडस्टार घ्या.

लेथवाला
इंडस्टार. फोकस जड म्हणजे आतलं जुनं ग्रीस वाळलंय. ते धुवून नवीन भरणं हे अर्ध्या दिवसाचं काम. फक्त हेलिकॉइड, म्हणजे फोकसची आट्यांची नळी, सोडवताना आटे कुठं सुटले तिथं खूण करायची, नाहीतर बसवताना चुकीच्या आट्यावर बसतं आणि अनंतच गायब होतं. आणि जुना रशियन माल लायकाच्या मापाला तंतोतंत असतोच असं नाही. जवळच्या अंतरावर, ३.५ ला, फोकस थोडा पुढंमागं पडू शकतो. एफ ८ ला फरक लपतो. एक मीटरवर वर्तमानपत्र तिरकं ठेवून एक फोटो काढून बघा, कळेल कुठल्या ओळीवर पडतोय ते.

अनुजा_के
आणि मी अजूनही ३५ म्हणते. नोंद असावी.

जुनाट
@अनुजा_के नोंद झाली. एल्मार ३५ एफ ३.५ सुद्धा निघायची, १९३० पासून. ५० पेक्षाही चपटी. तिच्यानंतरची सुमारॉन ३५ एफ ३.५ तिच्याहून सरस. ज्युपिटर-१२ घेणाऱ्यांनी मागची टोपी खोल घ्यावी. तिची मागची काच एवढी आत शिरते की साधी टोपी लावली तर काचेवरच टेकते. प्रकाश मोजणारा दांडा पडद्यापुढं येतो अशा लायका सीएल आणि एम-५ वर तर लावूच नका.

गंगावेस_तालीम
तुम्ही सगळे दिवसा फिरा. मी ज्युपिटर-८ घेऊन तालमीत हाय.

तांबडा_रस्सा
मिसळीचं कुणी काढलंच नाही. निषेध.

खरीकॉर्नर
इंडस्टार घेतली. दुकानदार एल्मार साफ करून द्यायला तयार नव्हता. @लेथवाला, ग्रीसचं काम तुमच्याकडं करता येईल का? शनिवारी उद्यमनगरात येतो.

लेथवाला
या. लेन्ससोबत बॉडीपण आणा, अनंत तिच्यावरच जुळवू. दुपारी दोननंतर या, सकाळी लोड शेडिंग असतंय.

गुऱ्हाळवाला
धागा आज वाचला, उशीर झाला. मी कागलचा. माझ्याकडं सुमारॉन ३५ एफ ३.५ पडून आहे, स्क्रूची. सोबत ३५ चा फाइंडर. काच स्वच्छ आहे, डॉक्टरांच्या पद्धतीनं टॉर्च मारून आत्ताच बघितली. विकायची नाही, पण महिनाभर वापरून बघायला देईन. अनुजाताई म्हणतात ते पटतं का ते बघा, मग काय घ्यायचं ते ठरवा. इंडस्टार तोवर कुठं पळत नाही.

खरीकॉर्नर
@गुऱ्हाळवाला साहेब, काय बोलू! कुरियरचा खर्च मी देतो.

गुऱ्हाळवाला
कुरियर नको, काच आहे. पाडव्याचा मुहूर्त झालाय, गुळाच्या सौद्याला मी सोमवारी मार्केट यार्डात असतो. सकाळी दहाच्या आसपास या. बॉडी घेऊनच या, तिथंच लावून बघू. फिल्म तेवढी तुम्ही आणा, आणि लायकाच्या पद्धतीनं तोंड कापूनच आणा. यार्डात कात्री मिळत नाही.

अनुजा_के
सोमवारी मीही येतेय. फाइंडर कुणी विसरू नका.

तांबडा_रस्सा
मी पण. कॅमेरा नाही, भूक आहे.